जुन्या मोटार-सायकलचा कार्ब्युरेटर घरीं बदलणें व जुळविणें

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं वीस-पंचवीस वर्षें राबलेली एखादी बुलेट आहे. दुधाचे कॅन, औषधाचे डबे, खताचें पोतें, क्वचित् घरांतील तिघेचौघे, असा सर्व भार ती निमूटपणें वाहते. अशी गाडी एके दिवशीं पाय भरून येईपर्यंत किक मारली तरी सुरू होत नाहीं, किंवा चढावर धापा टाकूं लागते. आणि तालुक्याच्या गांवीं नेली म्हणजे "कार्ब्युरेटर गेला, नवा टाका" असा निकाल मिळतो. हा निकाल कधीं खरा असतो, पुष्कळदां नसतो. खरा असला तरीहि नवा कार्ब्युरेटर खोक्यांतून काढून जसाच्या तसा बसविल्यानें काम पुरें होत नाहीं. तो त्या इंजिनास व हल्लींच्या पेट्रोलास जुळवावा लागतो, आणि जुळविण्यास लागणारा निवांत वेळ दुकानांत कोणी देत नाहीं. तो मालकानेंच दिला पाहिजे. दोन-तीन पाने, धार न मोडलेला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक जुनी वही व एक मोकळी सकाळ एवढ्यावर हें काम होण्यासारखें आहे, म्हणून त्याची रीत येथें देत आहों.

उदाहरणासाठीं आम्हीं जुन्या कास्ट-आयर्न इंजिनाची ३५० सी. सी. बुलेट घेतली आहे. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली व पुढें अर्धशतकाहून अधिक काळ हें इंजिन फारसा फरक न होतां निघत राहिलें. त्याचा सिलिंडर ७० मि. मी. व्यासाचा, पिस्टनची चाल ९० मि. मी. ; म्हणजे वास्तविक माप ३४६ घन सेंटिमीटर. आरंभींच्या गाड्यांवर अमल कार्ब्युरेटर असे. नंतरच्या बहुतेकांवर मिक्कार्ब व्हीएम २४ असतो. त्यांतील २४ हा आंकडा मधल्या भोकाचा व्यास मि. मी. मध्यें दाखवितो. ता. १ एप्रिल १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडील ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा नियम लागू झाला आणि नव्या मोटार-सायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसाच झाला. त्याची जागा इंजेक्शननें घेतली. नव्या कारागिरांचा हात त्याच यंत्रावर बसूं लागला आहे. तेव्हां जुनी गाडी ठेवणाऱ्यानें कार्ब्युरेटरची विद्या थोडीबहुत स्वतःजवळ ठेवलेली बरी.

कार्ब्युरेटरचें काम :— पिस्टन खालीं उतरतांना हवा ओढतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जाते, तेथें तिचा दाब कमी होतो, आणि खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक भोकांतून वर चढून तुषाररूपानें तिच्यांत मिसळतें. वाटींतील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. पातळी चढली कीं फ्लोट वर येऊन आपल्या लहानशा सुईनें वाट बंद करतो. मेकॅनिक लोक ज्यास रिच म्हणतात तें पेट्रोल जास्त असलेलें मिश्रण. त्यास आम्ही येथें दाट म्हणूं. लीन म्हणतात तें विरळ.

आतां मुख्य गोष्ट. कार्ब्युरेटर हें एक यंत्र नसून तीन-चार लहान यंत्रें एकापुढें एक काम करीत असतात. थ्रॉटल बंद असल्यापासून सुमारें एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट व त्याचा हवेचा स्क्रू यांचें राज्य असतें. तेथून पावभरापर्यंत स्लाइडच्या खालच्या कापलेल्या कडेचा प्रभाव पडतो. पावापासून पाऊणपर्यंत स्लाइडला टांगलेली निमुळती सुई, आणि त्यापुढें पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. म्हणून "गाडी ओढत नाहीं" एवढी तक्रार अपुरी आहे. कोणत्या थ्रॉटलवर ओढत नाहीं तें प्रथम पाहिलें पाहिजे. मुठीवर व तिच्या शेजारच्या भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण अशा खुणा कराव्या. हा उपाय पोरखेळासारखा वाटेल. परंतु या पांच खुणांवांचून केलेली जुळवणी ही अंधारांत केलेली पेरणीच होय.

कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वीं :— पुष्कळ रोग दुसरीकडचे असून खापर कार्ब्युरेटरवर फुटतें. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका बुलेटवर वर्षभरांत दोन कार्ब्युरेटर बदलले गेले होते. गाडी दोन-तीन मैल नीट चाले व मग बंद पडे. थोडा वेळ उभी केली कीं पुन्हा चाले. टाकीच्या झांकणांतील हवेचें भोक मातीनें बुजलें होतें, एवढेंच कारण. पेट्रोल खालीं उतरावयाचें तर त्याच्या जागीं हवा आंत यावयास हवी. याची परीक्षा सोपी आहे : नळी कार्ब्युरेटरपासून काढून बाटलींत धरावी व कॉक उघडावा. धार एकसारखी पडत राहिली तर ठीक. हळूहळू मंदावली आणि झांकण उघडतांच वाढली, तर दोष झांकणाचा. मुळींच नीट पडत नसेल तर कॉकाची जाळी धुवावी.

यानंतर हवेची गाळणी पाहावी. उसाच्या व मातीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीची गाळणी पुस्तकांत लिहिल्यापेक्षां फार लवकर भरते, आणि भरलेल्या गाळणीमुळें मिश्रण दाट होतें. कॉन्टॅक्ट-ब्रेकरच्या पॉइंटांत ०.३५ ते ०.४० मि. मी. अंतर असावें. इंजिन थंड असतां दोन्ही पुशरॉड बोटांनीं सहज फिरावे, परंतु वरखालीं हलूं नयेत. एवढें सर्व ठीक असून तक्रार कायम राहिली तरच कार्ब्युरेटरकडे वळावें.

तो उतरविण्याआधीं कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील सांधा तपासावा. इंजिन मंद चालू ठेवून सांध्याभोंवतीं ब्रशानें थोडेंसें इंजिन-तेल लावावें. तेल लागतांच चाल बदलली तर तेथून चोरटी हवा आंत जात आहे असें समजावें. याचें नेहमींचें कारण म्हणजे नटांवर दाखविलेला जोर. कार्ब्युरेटरचें अंग हलक्या धातूचें असतें. दोन्ही बाजूंचे नट ताकद लावून आवळले कीं त्याचें तोंड धनुष्यासारखें वांकतें, आणि जितकें अधिक आवळावें तितकी फट वाढते. उपाय असा कीं जाड कांचेवर बारीक पॉलिश-पेपर पसरून त्यावर तें तोंड सर्व बाजूंनीं सारखें चमकेपर्यंत हळूहळू घांसावें व नवें पॅकिंग घालावें. या एका कामानें पुष्कळ "गेलेले" कार्ब्युरेटर परत येतात.

बदलावा केव्हां व कोणता :— जो भाग खरोखर झिजतो तो स्लाइड व ती ज्यांत सरकते ती भिंत. हवेची गाळणी फाटकी ठेवून गाडी धुळींतून चालविली तर ही झीज झपाट्यानें होते. स्लाइड आंत घालून मागेंपुढें हलवून पाहावी. खडखडाट होत असेल तर बाजूनें हवा शिरते व मंद चाल कधींच स्थिर राहत नाहीं. अशा कार्ब्युरेटरवर स्क्रू फिरवीत बसणें व्यर्थ आहे. सुई व ती ज्यांत उतरते तें पितळी भोंक यांचीहि झीज होते. तेथें मधल्या थ्रॉटलवर मिश्रण दाट होऊन पेट्रोल जास्त जातें. हे दोन भाग मात्र सुटे बदलतां येतात.

नवा घेतांना जुना बरोबर न्यावा. दुकानांत नकली माल पुष्कळ असतो; जेटवर आंकडा नसेल, किंवा आंकडा असून भोक वाकडेंतिकडें दिसत असेल, तर तो घेऊं नये. सुईची लांबी जुन्या सुईशीं लावून पाहावी.

कांहीं उत्साही मंडळी ३५० च्या गाडीस ५०० चा व्हीएम २८ बसवितात. आमचें मत त्याच्या विरुद्ध आहे. भोक मोठें झालें कीं त्याच इंजिनाची हवा त्यांतून कमी वेगानें जाते, व कमी वेगाची हवा पेट्रोल नीट ओढीत नाहीं. पूर्ण थ्रॉटलवर थोडासा लाभ होत असेल. पण शेतकऱ्याची गाडी पूर्ण थ्रॉटलवर किती वेळ असते? तिला मळ्याच्या वाटेनें भार घेऊन सावकाश ओढावयाचें असतें, आणि नेमकी तीच ओढ कमी होते. मूळ मापाचाच कार्ब्युरेटर घ्यावा.

काम उघड्यावर करावें. चूल, देवापुढील निरांजन, विडी व कडब्याची गंज या सर्वांपासून दूर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत पसरते व लांबवर पेट घेते. बंद पडवींत तर हें काम कदापि करूं नये. कॉक बंद करून वाटींतील पेट्रोल भांड्यांत काढावें. सुटे भाग पांढऱ्या कापडावर, निघतील त्या क्रमानें मांडावे. जेटांवरील आंकडे, सुईची पकड कोणत्या खांचेंत होती, व हवेचा स्क्रू पूर्ण आंत जाण्यास किती फेरे लागले, हें सर्व वहींत लिहावें. जेट साफ करण्यास तार किंवा सुई घालूं नये. पितळ मऊ असतें, भोक वाढलें कीं त्यावरील आंकडा खोटा ठरतो. केरसुणीचा ओला केलेला हीर व सायकलचा पंप पुरेसा आहे. नवा कार्ब्युरेटर बसवितांना स्लाइडची खांच आंतल्या खिळीवर नीट बसली आहे ना, व हँडल दोन्ही बाजूंस वळवितांना केबल ताणून चाल वाढत नाहीं ना, हें किक मारण्यापूर्वीं पाहावें. थ्रॉटल उघडाच अडकून राहिला तर प्राणावर बेततें.

जुळवणी :— नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, फिरवून पाहावी, वहींत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व गाडी सुधारली, तर कोणत्या गोष्टीनें सुधारली हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. इंजिन पुरतें तापलेलें असावें व चोक बंद केलेला असावा.

प्रथम मेन जेट. त्यासाठीं भरधाव जाण्याची गरज नाहीं. तिसऱ्या गिअरमध्यें मोकळ्या लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला म्हणजे झालें. मग मूठ किंचित् मिटावी. मिटतांच गाडी अधिक ओढूं लागली तर मेन जेट लहान आहे, मिश्रण विरळ आहे. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जड व गदगदत चालत असेल तर जेट मोठा आहे. मेन जेटचा आंकडा जितका मोठा तितकें पेट्रोल अधिक. एका पायरीनेंच चढावें किंवा उतरावें. खात्रीसाठीं त्याच चढावर पूर्ण थ्रॉटल असतां क्लच दाबून लागलीच चावी बंद करावी व गाडी बाजूस थांबवून प्लग काढावा. हात भाजूं नये म्हणून फडकें घ्यावें. प्लगची चिनी मातीची नळी फिकट तपकिरी दिसली तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे दाट. पांढरीफटक म्हणजे विरळ. ओला, तेलकट काळा थर असेल तर तो कार्ब्युरेटरचा दोष नव्हे, इंजिनांतून तेल वर येत आहे. हल्लींच्या पेट्रोलमध्यें हा रंग पूर्वींइतका स्पष्ट उमटत नाहीं, म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये. चढावरची परीक्षा व प्लग या दोन्हींची साक्ष जुळावी.

नंतर मंद चाल. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. कार्ब्युरेटरच्या अंगावर दोन स्क्रू असतात : एक स्लाइड वर उचलून धरणारा, दुसरा मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू गाळणीच्या बाजूस असेल तर तो हवा आवरतो, म्हणून आंत फिरविल्यास मिश्रण दाट होतें. व्हीएम जातीवर तो असा आहे. इंजिनाच्या बाजूस असेल तर तो पेट्रोल आवरतो व सर्व उलट होतें. व्हीएम चा स्क्रू हलक्या हातानें पूर्ण आंत नेऊन दीड फेरा बाहेर काढावा, स्लाइडच्या स्क्रूनें चाल जरा वाढवावी, आणि मग हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा आंतबाहेर फिरवून इंजिन जेथें सर्वांत जलद व एकसारखें चालतें ती जागा शोधावी. नंतर चाल उतरवावी. ही उत्तम जागा स्क्रू जवळजवळ पूर्ण आंत असतां मिळाली तर पायलट जेट लहान आहे. तीन फेऱ्यांच्या आसपास बाहेर मिळाली तर मोठा आहे. दीड-दोन फेऱ्यांवर मिळाली म्हणजे जेट बरोबर.

शेवटीं सुई. तिच्यावर पांच खांचा असतात. मधल्या खांचेपासून आरंभ करावा. पकड खालच्या खांचेंत नेली कीं सुई वर उचलली जाते व मिश्रण दाट होतें. वरच्या खांचेंत नेली कीं विरळ. आपला बहुतेक प्रवास याच पट्ट्यांत होतो, म्हणून पेट्रोलची बचत व इंजिनाचें आयुष्य या दोहोंचा कस येथें लागतो. अर्ध्या थ्रॉटलवर धक्के बसत असतील तर चालत्या गाडीवर क्षणभर चोक थोडा लावून पाहावा : सुधारली तर मिश्रण विरळ होतें, अधिक बिघडली तर दाट. सुई ठरल्यावर मंद चाल पुन्हा एकदां पाहावी, कारण एक बदललें कीं शेजारचें थोडें हलतें.

हल्लींचें पेट्रोल :— आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहिण्याची निकड वाटली तिजकडे वळूं. देशांत पेट्रोलमध्यें शेंकडा १० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२२ सालीं पुरें झालें व शेंकडा २० चें २०२५ सालीं. हें इथेनॉल उसाचा रस, मळी, मका व तांदूळ यांपासून होतें. म्हणजे त्यांत आपल्याच मळ्याचा वांटा आहे, आणि त्याबद्दल ऊस-बागाईतदारानें कुरकुर करण्याचें कारण नाहीं. परंतु जुनी बुलेट या मिश्रणासाठीं बांधलेली नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

हिशेब असा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलास ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणास म्हणून सुमारें साडेतेरा किलो. जेटचें भोक तर पूर्वींइतकेंच आहे. तेव्हां पूर्वीं बरोबर असलेलें मिश्रण आतां सात-आठ टक्के विरळ पडतें. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत धुराड्यांतील सेन्सर हें ओळखतो व पेट्रोल वाढवितो. कार्ब्युरेटरला ती बुद्धि नाहीं. विरळ मिश्रणानें इंजिन एकदम बंद पडत नाहीं, हाच खरा धोका. तें थंड असतां नाखुशीनें सुरू होतें, थ्रॉटल मिटतांना सायलेन्सरांतून फटफटतें, चढावर तापतें. आणि मालक "गाडी जुनी झाली" म्हणून तसेंच रेटीत राहतो. त्याचें बिल पुढें जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या किंवा ओरखडलेल्या पिस्टनच्या रूपानें येतें.

उपाय किरकोळ आहे. मेन जेट ९० चा असेल तर ९५ अथवा ९७.५ चा घालून पाहावा, सुई एक खांच वर उचलावी, हवेचा स्क्रू पुन्हा जुळवावा. मात्र डोळे मिटून हें करूं नये. कित्येक जुन्या गाड्या मुळांतच थोड्या दाट जुळविलेल्या असतात, व त्यांना या नव्या पेट्रोलनें उलट बरें वाटतें. वर सांगितलेल्या परीक्षांनीं मिश्रण विरळ ठरलें तरच जेट वाढवावा.

टाकींत पेट्रोलबरोबर तेल मिसळावें लागतें अशा जुन्या राजदूत किंवा येझदीच्या मालकांनीं अधिक जपावें. तेथें पेट्रोलच तेल घेऊन जातें; पेट्रोल कमी गेलें कीं तेलहि कमी जातें, आणि पिस्टन चालत्या गाडींत जाम होतो. पूर्ण थ्रॉटलवर चालवून उतारावर एकदम मूठ मिटण्याची संवय अशा गाडीवर तर मुळींच नको.

इथेनॉलचा दुसरा गुण पाणी ओढण्याचा. पावसाळ्यांत गाडी पंधरा दिवस गोठ्यांत उभी राहिली तर तें हवेंतील ओल घेतें, व पाणी फार झालें कीं इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशीं बसतो. टाकी तेथें गंजते, कार्ब्युरेटरच्या वाटींत पांढरी भुकटी धरते व पायलट जेट बुजतो. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात किंवा तडकतात. त्या या पेट्रोलास चालणाऱ्या नव्या नळ्यांनीं बदलाव्या व फ्लोटच्या सुईचें टोंकहि पाहावें. आठ दिवसांहून अधिक काळ गाडी वापरावयाची नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावें, म्हणजे वाटी रिकामी होते. वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबहि काढून घ्यावे. टाकी मात्र अर्धी ठेवूं नये. भरून ठेवावी किंवा पुरती रिकामी करावी, आणि आश्विनांत गाडी बाहेर काढतांना पहिला अर्धा शेर पेट्रोल कॉकांतून कांचेच्या बाटलींत काढून तळाशीं पाण्याचा थर दिसतो कीं काय हें पाहून मगच किक मारावी.